पहा : तात्या

तात्यांच्या घरी पाहुणा गेला की चहा येण्याआधी त्याची नोंद होते. "गाव कंचं?" हे आमच्या भागात कुणीही विचारतं. मग आडनाव, मग "त्यातले कुठले", मग ऊस किती आणि तो कुठल्या कारखान्याला जातो. इतरांचं एवढ्यावर भागतं, तात्यांचं भागत नाही. "सहज आलाय का कामानं?" असं ते विचारतात. "सहज" असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा उतरतो, कारण सहज आलेला माणूस ठेवायचा कुठं हे त्यांना कळत नाही. "सहज म्हंजे काय ओ? चौकशीला, पत्रिका द्यायला, उसनं मागायला का नुसतं बसायला?" बसायला आलोय, एवढं कबूल केलं की ते निवांत होतात आणि आत चहा सांगतात.

तात्या हे नाव मी सोयीसाठी घेतलंय. विट्यात त्यांना आबा म्हणत असतील, इस्लामपुरात नाना, कराडात अण्णा. वर्तमानपत्र उघडलं की डोळ्यांच्या आधी कात्री चालणारा एक गृहस्थ प्रत्येक मोठ्या गावात असतो. घरात एक लोखंडी कपाट, कपाटात फायली, फायलींच्या पाठीवर खळीनं चिकटवलेल्या चिठ्ठ्या, आणि घरातल्या बाकीच्या माणसांनी त्या कपाटाला टेकून बसायचं नाही असा नियम. माझ्या पाहण्यातल्या अशा काही मंडळींना मी इथं एकाच कॉटवर बसवलंय आणि कॉट कुंडलात टाकलीय. कुंडलच का, तर वर्गवारी करणाऱ्या माणसाची जेवढी फजिती या गावात होते, तेवढी दुसरीकडं होत नाही.

तात्यांना हा नाद लागला नोकरीत. साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात ऊस नोंदीच्या वह्या लिहिण्यात त्यांची हयात गेली. रस्त्यानं जाणाऱ्याला ऊस सगळा सारखाच दिसतो, पण वहीत तो सारखा नसतो. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतला सुरू, तोडलेल्या बुडख्याला पुन्हा फुटला तो खोडवा आणि खोडवाही तोडून राखला तर निडवा. त्यात जात वेगळी, लागणीची तारीख वेगळी, पाण्याची सोय वेगळी. एक नोंद चुकीच्या रकान्यात पडली तर तोडीची पाळी मागं जाते, टोळी दुसऱ्याच्या फडात शिरते, आणि ज्याचा ऊस वाळला तो माणूस सकाळी सकाळी टेबलासमोर येऊन उभा राहतो. त्यामुळं रकाना ही जीवनमरणाची गोष्ट आहे हे तात्यांच्या हाडीमाशी खिळलं. निवृत्त झाल्यावर वहीही गेली आणि टेबलही गेलं. हातात राहिलं सकाळचं वर्तमानपत्र, आणि ते तर नोंदीवाचून वाहत चाललेलं.

सुरुवातीला फायली पाचच होत्या. राजकारण, शेती, क्रीडा, आरोग्य, धार्मिक. तात्यांच्या निवृत्त आयुष्यातला तो सुवर्णकाळ. कात्रण कापावं, वर तारीख घालावी, छिद्रं पाडून फायलीत ओवावं आणि जेवायला बसावं.

ही घडी पहिल्यांदा विस्कटली ती साखरेनं. कारखान्यांच्या बातम्या वाढल्या म्हणून तात्यांनी "साखर" अशी स्वतंत्र फाइल उघडली आणि आरोग्याच्या पानावरच्या साखरेच्या बातम्याही शिस्तीला धरून तिच्यातच लावल्या. शेजारच्या आबांना डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. आबा संध्याकाळी आले, "तात्या, साखरेवर काय हाय का तुमच्याकडं?" तात्यांनी भरलेली फाइल अभिमानानं काढून दिली. आबांनी ती रात्री चष्मा लावून वाचली. पहिलंच कात्रण होतं, "साखरेचा उतारा वाढला". साखरेवर उतारा निघाला, हे वाचून आबांना हुरूप आला. पुढच्या कात्रणात उतारा १२ टक्क्यांवर गेला होता आणि त्याबद्दल सभासदांचं अभिनंदन केलं होतं. आबांनी दुसऱ्या दिवशी अभिनंदन स्वीकारून दोन पेढे खाल्ले. मग आबांची सून येऊन तात्यांना जे बोलली, ते कुठल्याच फाइलीत लावण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून "साखर (कारखान्यातली)" आणि "साखर (रक्तातली)" अशा दोन फायली झाल्या.

सापानं तर आणखी एक फाइल उघडायला लावली. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी धार्मिकमध्ये, सर्पदंश आरोग्यात, नाग पकडण्यावरची बंदी "कोर्टकचेऱ्या" नावाच्या नव्या फाइलीत. कुंडलात वन खात्याची मोठी प्रबोधिनी आहे. तिथं प्रशिक्षणाला आलेला विदर्भातला एक पोरगा कुणाच्या तरी सांगण्यावरून तात्यांकडं सापांची माहिती मागायला आला. तात्यांनी त्याला विचारलं, "साप तुमाला कसला पायजे? पूजेचा, चावलेला का खटल्यातला?" पोरगा म्हणाला, "जंगलातला." तेवढा तात्यांकडं नव्हता.

पैलवानांचीही तक्रार होती. कुंडलचं महाराष्ट्र कुस्ती मैदान पंचक्रोशीत कुणाला सांगावं लागत नाही. माणसं टेकडीच्या उतारावर बसून कुस्त्या बघतात, आणि मोठी जोड लागली की खालच्या हलगीचा आवाज वरच्या शिट्ट्यांत बुडतो. त्याची कात्रणं तात्यांनी "क्रीडा"मध्ये, क्रिकेटच्या शेजारी लावली होती. तालमीतला एक जुना वस्ताद ते बघून म्हणाला, "तात्या, लाल मातीवर ह्या पांढऱ्या पँटी कशाला आणून बसवल्या?" तात्यांना पटलं. कुस्ती वेगळी झाली. मग निकाली वेगळी, गुणावरची वेगळी. पुढं घिस्सा, ढाक आणि एकचाक या डावांची स्वतंत्र पाकिटं झाली. एखाद्या पैलवानानं एकाच कुस्तीत ढाक लावून घिश्श्यावर चीतपट केलं, की त्या पैलवानाविषयी तात्यांना मनातून थोडा राग असे.

पण ही सगळी किरकोळ दुखणी झाली. खरं दुखणं गावाच्या इतिहासाचं.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत प्रतिसरकारच्या तरुणांनी रेल्वे अडवून पगाराची रक्कम ताब्यात घेतली. पुढारपण जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड यांचं. दोघेही कुंडलचे. या घटनेवर दर जूनमध्ये कुठं ना कुठं लेख येतो, आणि पहिल्यांदा तो हाती आला तेव्हा तात्यांनी ऑफिसच्या शिस्तीनं बघितलं : गाडी आहे, रूळ आहेत, स्टेशन आहे. लावला "रेल्वे"त. त्याच्या वर पुणे-मिरज मार्गाच्या दुहेरीकरणाची बातमी, खाली पॅसेंजरच्या बदललेल्या वेळा. पुढच्या वर्षी दुसरा लेख आला. त्याच्या मथळ्यात "लूट" होतं, म्हणून तो गेला "चोऱ्या-दरोडे"मध्ये, एटीएम फोडल्याच्या बातमीला लागून.

हे फार दिवस लपलं नाही. गावातले एक वयस्क गृहस्थ, ज्यांचे चुलते तुफान सेनेत होते, ते रेल्वेचं वेळापत्रक बघायला म्हणून आले आणि शेजारची "चोऱ्या-दरोडे" चाळता चाळता चाळायचे थांबले.

"तात्या, हे दरोड्यात कुणी लावलं?"

"मथळ्यात लूट हाय न्हवं का."

"लूट कुणी केली? गाडी अडीवणाऱ्यानं का गाडीवाल्यानं?"

तात्यांना उत्तर सुचेना. कॅप्टन भाऊ स्वतः अगदी उतारवयातही हाच मुद्दा आग्रहानं मांडत. इंग्रजानं या देशातल्या माणसांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, त्याला लूट म्हणणं अन्यायाचं आहे, असं त्यांचं म्हणणं असे. आता गंमत अशी की सरकारी दप्तरात ही घटना कुठल्या कप्प्यात असेल ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना घेतला, त्यात बापू लाडांबरोबर नागनाथअण्णा नायकवडी होते. तेही साहेबाच्या फाइलीत गुन्हाच असणार. मजकूर तोच, तारीख तीच, माणसं तीच. कप्पा बातमीच्या अंगावर छापलेला नसतो, तो ठेवणाऱ्याच्या खिशात असतो. हे तात्यांना त्या दिवशी उमगलं असं मी म्हणणार नाही. त्यांना उमगलं एवढंच, की फाइल बदलली नाही तर हा गृहस्थ उठणार नाही. त्यांनी त्याच्यादेखत दोन्ही कात्रणं काढली, "स्वातंत्र्यलढा" अशी नवी फाइल केली आणि जुन्या ठिकाणी एकेक चिठ्ठी लावली : "पहा : स्वातंत्र्यलढा".

ही "पहा"ची युक्ती तात्यांनी उचलली मराठी विश्वकोशातून. तो तर घरचाच म्हणायचा. वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्याचं संपादन सुरू केलं. विश्वकोशात नोंदी अकारविल्हे लावलेल्या. संबंधित नोंद दुसरीकडं असली की शेवटी "पहा" म्हणून तिचं नाव. गावच्या वाचनालयात तो चाळताना तात्यांना साक्षात्कार झाला. एक वस्तू दोन ठिकाणी ठेवता येत नाही, पण दुसऱ्या ठिकाणी तिचा पत्ता ठेवता येतो! त्या आठवड्यात तात्यांनी कात्रणं कमी आणि चिठ्ठ्या जास्त लावल्या.

आणि त्यांना गरज किती होती बघा. क्रांतिसिंह नाना पाटील आधी तलाठी, ती नोकरी सोडून चळवळीत, मग प्रतिसरकारचे सेनापती, नंतर कम्युनिस्ट पक्षाचे खासदार. १९५७ साली साताऱ्याकडून निवडून आले आणि १९६७ साली थेट बीडहून. म्हणजे महसूल, स्वातंत्र्यलढा, राजकारण, आणि ज्या फाइलीत आजवर फक्त दुष्काळ होता ती "मराठवाडा". प्रतिसरकारनंच काय काय केलं? न्यायनिवाडे केले, सावकारांना आणि गावगुंडांना वठणीवर आणलं, दारू बंद केली, कमी खर्चात लग्नं लावली. त्या गांधी विवाहाचं कात्रण तात्यांनी प्रामाणिकपणे "लग्नकार्य" मध्ये लावलं होतं आणि त्याच्या पाठोपाठ हेलिकॉप्टरमधून आलेल्या नवरदेवाची बातमी होती. बापू लाड तर तात्यांना पुरून उरले. भूमिगत क्रांतिकारक, आमदार, शेतकऱ्यांचे पुढारी. आज त्यांच्या नावाचा साखर कारखाना कुंडलात उभा आहे. म्हणजे दर गळीत हंगामात बापूंचं नाव "साखर (कारखान्यातली)" मध्येही येतं.

राजेसाहेबांनीसुद्धा तात्यांना सोडलं नाही. कुंडल औंध संस्थानात होतं. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि हाडाचे चित्रकार; रामायण त्यांनी चित्रांत काढलं. तिथपर्यंत व्यायाम आणि कला, दोन फायलींत काम झालं असतं. पण १९३९ साली या राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या हाती देणारी राज्यघटना केली. तात्या अर्धा दिवस "राजेरजवाडे" आणि "ग्रामपंचायत" या दोन फायली मांडीवर घेऊन बसले होते. त्याच वर्षी संस्थानात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत झाली, तिचं नाव स्वतंत्रपूर. तुरुंग आणि नाव स्वतंत्रपूर! पुढं त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी गोष्ट लिहिली आणि १९५७ साली शांतारामबापूंनी "दो आँखें बारह हाथ" काढला. ते कात्रण तुरुंगात गेलं, तिथून स्वातंत्र्यात, तिथून सिनेमात, आणि शेवटी तात्यांच्या उशीखाली.

माणसं सोडा, गाव तरी एका जागी थांबेल की नाही? कुंडलच्या फाइलीच्या पाठीवर तात्यांनी "जिल्हा" असा रकाना केला होता. १९४८ पर्यंत गाव औंध संस्थानात. संस्थान विलीन झालं आणि १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग पडले, तेव्हा गाव गेलं दक्षिण साताऱ्यात. १९६० साली त्या दक्षिण साताऱ्याचं नाव झालं सांगली. तालुका बदलून पलूस झाला तो आणखी पुढं. गाव इंचभर हललं नाही, पण फाइलीच्या पाठीवर खोडाखोड होऊन गेली. शेजारचं स्टेशन आधी कुंडल रोड होतं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारली आणि यथावकाश स्टेशनचंही नाव किर्लोस्करवाडी झालं. त्या वाडीनं तर वर्गवारीचे सगळे नियम एका कुंपणात मोडले. लोखंडी नांगर तिथंच, पंप तिथंच, आणि "किर्लोस्कर", "स्त्री", "मनोहर" ही महाराष्ट्रभर वाचली जाणारी मासिकंही तिथूनच. नांगराच्या कारखान्याची मासिकं कुठं लावायची? "शेती अवजारे"त? तात्यांनी तीही लावून बघितली. "स्त्री"चा एक जुना अंक औषध फवारणीच्या पंपाशेजारी दिसल्यावर काकूंनी तो काढून नेला, तो परत आला नाही.

अशा अवस्थेत तात्या वाचनालयातल्या बाईंकडं गेले. या बाईंनी ग्रंथालयाचा रीतसर अभ्यासक्रम केलेला. त्यांनाही वर्गवारीचं दुःख ठाऊक होतं, पण वेगळ्या बाजूनं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली सार्वजनिक वाचनालयांचीच अ, ब, क, ड अशी प्रतवारी होते आणि अनुदान त्यावर ठरतं. दिवसभर पुस्तकांना वर्ग लावायचे आणि वर्षाअखेरीला आपल्याला कुठला वर्ग लागतो याची धास्ती घ्यायची. बाईंनी तात्यांना ड्युईची दशांश पद्धत समजावून दिली. अमेरिकेतल्या मेल्व्हिल ड्युईनं १८७६ साली काढलेली. जगातलं सगळं ज्ञान ००० ते ९९९ मध्ये. शेती ६३०, स्वयंपाक ६४१.५, मराठी साहित्य ८९१.४६, कुस्ती ७९६.८१२.

"कुस्तीला साहेबानं जागा ठेवली?" तात्या गहिवरले.

धर्माच्या पानावर मात्र त्यांचा गहिवर आटला. २०० चं शतक धर्माला दिलेलं, पण त्यातला बहुतेक मळा ख्रिस्ती धर्माच्या नावावर. बाकीच्या जगाला शेवटी २९० च्या बांधावर बसवलेलं. जैन २९४.४, हिंदू २९४.५. "म्हंजे डोंगरावरचं पार्श्वनाथ आन आपला इठोबा एका टिंबाच्या अंतरावर! आन येशूला अख्खं शिवार? ही वाटणी कुणी केली?" बाई म्हणाल्या, ड्युईनं. तात्या म्हणाले, "मोजणी पुन्हा बोलवाय पायजे." ज्यानं शेतीच्या वाटण्या जन्मभर पाहिल्या त्याला हे बरोब्बर दिसलं. पुस्तकपंडितांनाही ते पटायला बराच काळ लागला होता.

तरीही आकड्यांची भुरळ पडलीच. तात्यांनी सगळ्या फायलींवर ड्युईचे नंबर घातले. उसाच्या फाइलीवर आला ६३३.६१. आता आमच्याकडं उसाला नंबरानंच ओळखतात. "शहाऐंशी शून्य बत्तीस" म्हटलं की शाळेत न गेलेला माणूससुद्धा त्याची कांडी, डोळा आणि उतारा सांगेल. खतांची माहिती शोधायला आलेला एक तरुण शेतकरी फाइलीकडं बघून थबकला.

"सहाशे तेहतीस एकसष्ट? ही नवी जात आली व्हय? पाडेगावची का बाहेरची?"

"अमेरिकेची," तात्या म्हणाले. खोटं ते बोलत नसत.

"एकरी किती पडतंय?"

"अजून तरी एकच फाइल पडलीया."

आठ दिवसांत चहाच्या टपरीवर चर्चा सुरू झाली, की तात्यांकडं अमेरिकन बेणं आलंय आणि ते कुणाला सांगत नाहीत. दोघं-तिघं बेण्याला आगाऊ पैसे घेऊन आले. कुणीतरी म्हणालं, त्याला तुरा येत नाही. तात्यांनी नंबर खोडले.

बाईंनी मग रंगनाथनांचं नाव काढलं. मद्रासचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये ग्रंथालयशास्त्र शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात सुटे तुकडे जोडून हवं ते बनवायचं खेळणं पाहिलं आणि त्यावरून त्यांना सुचलं की विषयाला एकच ठरीव घर देण्यापेक्षा त्याचे पैलू वेगळे करावेत आणि गरजेप्रमाणे जोडावेत. १९३३ मध्ये त्यांची द्विबिंदू पद्धत आली. काय, कशाचं, काय घडलं, कुठं, कधी, असे तुकडे आणि मध्ये विरामचिन्हं. वस्तू एक, पण तिच्या अंगावर खुणा अनेक. तात्यांना हे पूर्ण समजलं असं नाही. पण सुट्टीला पुण्याहून आलेल्या नातवानं तेच दुसऱ्या भाषेत सांगितलं. "आजोबा, फोल्डर कशाला करता? टॅग लावा. एका बातमीला दहा टॅग. कुठूनबी शोधा, सापडणार."

"दहा?"

"लागतील तेवढे."

नातवाच्या डोक्यात मोबाइल होता, तात्यांच्या डोक्यात खळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपरवाल्याला सांगितलं, उद्यापासून एकच अंक चार प्रती टाकायच्या. एक कात्रण चारही फायलींत लावायचं. चिठ्ठ्या बंद, "पहा" बंद, माणसाला जिथं सुचेल तिथं उघडावं, बातमी हजर! पेपरवाल्यानं अत्यंत आदरानं नमस्कार केला. पुतळ्याच्या अनावरणाच्या बातमीला सहा प्रती लागल्या, कारण पुतळा, पुढारी, वाहतूक कोंडी, पाऊस, चेंगराचेंगरी आणि भाषणातला उसाचा दर, असं सगळं तिच्यात होतं. उन्हाळ्यापर्यंत कपाट भरलं, कपाटाचा माथा भरला, धान्याच्या कणग्यांमधली फट भरली. झोपायच्या खोलीत "शेती" आणि "राजकारण" यांच्या मधून वाट काढून कॉटवर जावं लागे. काकूंनी एवढंच विचारलं, की त्यांचं अंथरूण आता कशाखाली लावायचं ठरलंय.

काकूंविषयी लिहायचं राहिलंच. त्या माउलीनं आयुष्यात एकही फाइल उघडलेली नाही, आणि घरात नेमकं काय कुठं आहे हे फक्त त्यांना ठाऊक असतं. कोल्हापूरच्या विद्यापीठातली एक मुलगी प्रबंधासाठी नाना पाटलांच्या भाषणावरचं एक जुनं कात्रण शोधत आली होती. तेव्हा "पहा"चा अंमल जोरात होता. "नाना पाटील" फाइलीत चिठ्ठी, पहा : प्रतिसरकार. "प्रतिसरकार"मध्ये चिठ्ठी, पहा : कुंडल. "कुंडल"मध्ये चिठ्ठी, पहा : नाना पाटील. मुलगी हुशार. तिसऱ्या फेऱ्याला तिनं वही मिटली. तात्या म्हणाले, "सिस्टीम बराबर हाय, कात्रण तेवढं चुकलंय." काकू भाकरी थापता थापता आतून म्हणाल्या, "फेटा बांधल्याला फोटू हाय, कोपऱ्याला तेलाचा डाग हाय, त्येच का? चकल्या केल्या हुत्या त्या दिवशीचं." आणि मेतकुटाच्या डब्याखालून त्यांनी ते काढून दिलं. मुलीनं प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तात्यांचे आभार मानलेत. काकूंच्या तेलाच्या डागाचा उल्लेख करायला विद्यापीठाच्या नियमात सोय नसावी.

तर रद्दीवाल्याला बोलावलं काकूंनीच. जादा प्रती तरी जाऊ द्या, एवढ्यावर तात्या तयार झाले. रद्दीवाल्यानं ओसरीवर पोतं अंथरलं, ताणकाटा अडकवला आणि हात चालवायला लागला. इंग्रजी पेपर उजवीकडं, मराठी डावीकडं, वह्या मागं, पुठ्ठा पायाशी. चार ढीग. तात्या कॉटवरून खाली उतरून बघायला बसले. त्याचा हात एकदाही अडत नव्हता.

"इंग्रजी येगळं का करतोस?"

"कागुद चांगला. दर जादा हाय."

"आन मराठी पेपरात इंग्रजी जाहिरात असली तर?"

"मी वाचत न्हाई, तात्या. हात लावून बघतो."

तात्यांनी यावर बराच विचार केला. मग त्यांनी मराठीच्या ढिगाला हात घातला आणि तो विषयवार मोजायला लावला. रद्दीवाला माणूस भला, दुपारची वेळ, सावलीही होती. राजकारण अकरा किलो भरलं. धार्मिक सात. शेती साडेचार, त्यातही पाऊण किलो नुसत्या दराच्या मागणीची. आरोग्य पावणेदोन, आणि "ग्रामपंचायतीची कामे" तीनशे ग्रॅम. स्वातंत्र्यलढ्याची फाइल काट्याला लागली तेव्हा तात्यांनी ती काढून घेतली आणि मांडीखाली ठेवली. तिचं वजन झालंच नाही.

तात्यांनी आकडे कागदावर मांडले आणि मुद्द्याला आले. राजकारणाला आणि शेतीला एकच दर कसा? शेतीला किलोमागं दोन रुपये तरी जादा पाहिजेत. रद्दीवाला म्हणाला, दर वरूनच ठरून येतो, आपल्या हातात काही नाही. तात्या म्हणाले, उसाला बी असंच सांगत्यात. मग त्यांनी उपबाजाराचा विषय काढला, कटतीचा काढला, वजनकाट्यावरच्या शिक्क्याची तारीख विचारली.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तुमचं चालू द्या," त्या तात्यांना म्हणाल्या, आणि रद्दीवाल्यापुढं हात केला, "समद्याचं मिळून किती झालं, तेवढं सांग."